वरचा अर्धा पीळ

टक्, एवढाच आवाज झाला. जेवताना दाताखाली खडा यावा, त्याहून मोठा नाही. स्क्रूचं डोकं स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकावरून निसटलं, तिच्या चपलेवर आपटलं आणि गाडीच्या चाकाखाली कुठंतरी गडप झालं. पण तो आवाज वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी ऐकला. पलीकडे दरवाजा घासत बसलेल्या रंगाऱ्याचा पॉलिश पेपर थांबला. टेबलापाशी फोनवर बोलणारा तिचा धाकटा भाऊ बोलता बोलता नुसतंच "हं, हं" करू लागला. कुणी काही बोललं नाही, आणि वाईट होतं ते तेच. एरवी कुणाच्या हातून स्क्रू तुटला की रंगारी लांबूनच विचारायचा, "गेला बिचारा. मागे कोण कोण आहे त्याच्या?" मग सगळे हसायचे, ज्याच्या हातून तुटला तोही हसायचा आणि काम पुढं चालायचं. आज रंगाऱ्यानं मान खाली घालून पुन्हा घासायला सुरुवात केली, तीसुद्धा हळू, आजाऱ्याच्या खोलीत वावरावं तशी. माणसं थट्टा करायची थांबली की समजावं, आता कीव सुरू झाली. तिला थट्टा चालली असती. शिव्या तर केव्हाही चालल्या असत्या.

ताई म्हणायचे तिला सगळे, रंगाऱ्यापासून गिऱ्हाइकांपर्यंत. वडिलांच्या हाताखाली ती इथं यायला लागली तेव्हा अंगावर शाळेचा गणवेश असायचा, आणि आता डोक्यावरचे केस फायबरच्या धुळीनं पांढरे झालेत की वयानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. समोर उभी होती ती आइस्क्रीमची जुनी गाडी. अंगानं गोल, रंगानं एके काळी पिवळी, बाजूला मोठी खिडकी आणि खिडकीवर घंटा. सगळी बॉडी फायबरची, आणि ती बॉडी बाबांनी याच छपराखाली, स्वतः केलेल्या साच्यात थरावर थर चढवून बनवलेली. वरचा भाग आणि खालचा भाग जिथं मिळतात तो सांधा झाकायला गाडीच्या कमरेभोवती ॲल्युमिनियमची पट्टी फिरवलेली होती. त्या पट्टीमागं पाणी शिरलं, लोखंडी स्क्रू गंजून फुगले आणि एकेका स्क्रूभोवती फायबरला बारीक चिरा गेल्या. पट्टी काढायची, चिरा भरायच्या, नवी पट्टी बसवायची. म्हटलं तर दिवसाचं काम. पण स्क्रू फिरायचं नाव घेईनात. डोकी तुटत होती आणि धडं आतच राहत होती. सकाळीच भाऊ, छोट्या, म्हणाला होता, "ताई, आता आणखी नाही." पन्नाशीला आलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला छोट्या म्हणायचं म्हणजे गंमतच, पण घरात एकदा चिकटलेलं नाव कुठल्या हत्यारानं निघतं? "संध्याकाळपर्यंत बघ. नाहीतर उद्या मी कटर लावतो. पट्टीखालचं सगळं कापून पत्रा मारू. आइस्क्रीमवाला तयार आहे."

"तयार आहे, की तू तयार केलास?"

"त्याला गाडी हवीय ताई. बाबांची आठवण नकोय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि त्यानंतर तू आपली टेबल सांभाळ. तुझ्या भल्याचंच सांगतोय." टेबलामागं त्यानं नवी खुर्ची आणून ठेवली होती. फिरती, गादीची, हात टेकायला दोन्हीकडे मऊ दांड्या असलेली. प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. छोट्या वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण साचा केव्हाच मोडीत गेला होता, तेव्हा ही बॉडी एकदा कापली की पुन्हा होणार नव्हती. आणि आपण एकदा त्या खुर्चीत बसलो की पुन्हा हातात हत्यार येणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

मनगट. सगळं घोडं त्या मनगटापाशी येऊन पेंड खात होतं. न्हाणीघरात पाय घसरला, पडताना उजवा हात पुढं गेला आणि हाडाचे तुकडे झाले. डॉक्टरांनी आत पट्टी बसवली, पट्टीला स्क्रू मारले. एक्स-रे दाखवला तेव्हा ती खुदकन हसली होती. छोट्याला वाटलं, औषधाचा अंमल असेल. पण तिला खरंच हसू आलं होतं, की जन्मभर दुसऱ्यांना पट्ट्या बसवल्या आणि शेवटी आपल्यालाच एक बसली. डॉक्टर बाईंना तिनं विचारलंही होतं, "किती आवळता हो?" हा प्रश्न त्यांना आजवर कुठल्या पेशंटनं विचारलेला नसावा. म्हणाल्या, "हाड सांगतं तेवढं. त्याच्यापुढं गेलं की हाडातले आटे जातात, मग स्क्रू नुसता फिरत राहतो." "आणि हाड काय सांगतं ते कळतं कसं?" "हाताला कळतं," डॉक्टर म्हणाल्या होत्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या होत्या. हाड जुळलं. हात बरा झाला असं सगळे म्हणाले. पण तो वळेना. कुलपाची किल्ली, नळ, चमचा, जिथं तिथं तो थोडा वळायचा आणि पुढं दार बंद असल्यासारखा थांबायचा. गारठा पडला की आतली पट्टी गार झालेली तिला आतूनच कळायची. कधी कधी ती तो हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत बसायची. पाहुणा घरी येऊन राहावा, त्याला काही म्हणता येऊ नये, तसा तो तिच्या मांडीवर पडलेला असायचा. तुझ्यावर एवढा भरवसा टाकला, ती मनात म्हणायची, आणि तू हा असा निघालास. आणि मग एकटीच असली तरी लाजायची.

बाबांचा हात आठवला की मात्र तिला अजून धाक वाटायचा. बाबा म्हणजे वरचा अर्धा पीळ. स्क्रू घट्ट बसला की कुठलाही माणूस थांबतो. बाबा थांबत नसत. ते एक श्वास घ्यायचे, पाय रोवायचे, आणि घट्ट बसलेल्या स्क्रूला वर आणखी अर्धा पीळ द्यायचे. "आता निघूदे कुणाच्या बापाला," म्हणायचे. गावभर लौकिक होता त्या अर्ध्या पिळाचा. गिऱ्हाईक मुद्दाम सांगायचं, साहेब, तुमचा तो अर्धा पीळ द्या बरं का. छोट्या तेच शिकला, ती तेच शिकली, रंगारी रंगाऱ्याचं काम सोडून डब्यांची झाकणं तशी लावायला शिकला. घरातही तेच. नळ बाबांनी बंद केला की दुसऱ्याला उघडता यायचा नाही. बरण्यांची झाकणं, बाटल्यांची बुचं, खिडक्यांच्या खिट्या, सगळ्यावर बाबांचा अर्धा पीळ बसलेला. ते गेले त्यालाही आता बराच काळ झाला, पण अर्धा पीळ काही गेला नाही. आणि आज, तुटलेल्या स्क्रूंच्या त्या ओळीसमोर उभं राहून ती पहिल्यांदाच तो हिशेब उलटीकडून बघत होती. फायबर म्हणजे काही लोखंड नव्हे. त्याला घट्टपणा सोसतो, पण वरचा अर्धा पीळ सोसत नाही. ते आतल्या आत चिरतं आणि गप्प राहतं. स्क्रूची मानही तेव्हाच अर्धी पिळवटून जाते. चिरेतून पाणी जातं, पाण्यानं गंज येतो, आणि वर्षांनंतर कुणीतरी तो स्क्रू काढायला जावं तर डोकं हातात येतं. गंजानं नाही तुटले हे, ती मनात म्हणाली. हे बसवले त्याच दिवशी तुटले होते, आपल्याला आवाज आज आला. ते सुचलं आणि तिला कसंतरीच झालं, बाबांच्या पाठीमागं त्यांची चुगली केल्यासारखं.

पण सुचून उपयोग काय? ज्ञान झालं म्हणून स्क्रू निघत नाहीत. डोकी तुटल्यामुळं पट्टीचा तो तुकडा सुटून हातात आला होता आणि फायबरमधून गंजलेले खुंट थोडेथोडे बाहेर डोकावत होते. एकाच्या मधोमध तिनं ड्रिल टेकवलं. उजव्या हातानं मशीन धरलं, अंगाचा भार टाकला, आणि व्हायचं तेच झालं. ड्रिलला कठीण लोखंड नको असतं. शेजारी मऊ फायबर दिसलं की ते तिकडं पळतं, माणसांसारखंच. मनगट ऐनवेळी हललं, बिट खुंटावरून घसरली आणि पिवळ्या बॉडीवर करकरीत ओरखडा उठला. छोट्या अजून फोनवर होता, पाठमोरा. त्यानं बघायच्या आत एवढं बुजवून टाकू, या घाईनं तिनं फळीवरची पुट्टीची बरणी काढली. एवढी मोठी बाई, पण त्या क्षणी चोरून काहीतरी फोडलेल्या पोरीसारखी ती वळूनवळून छोट्याकडं बघत होती. बरणीचं झाकण निघेना. अर्थात निघणार नाही, काल छोट्यानं लावलं होतं. उजव्या हातानं तिनं जोर केला, मनगटात कळ आली आणि बरणी हातातून सुटायला लागली. ती सावरायच्या गडबडीत बरणी उजव्या काखेत गेली आणि झाकण डाव्या हातात आलं. आणि तो हात फिरला. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. तळवा बाहेरच्या अंगाला वळला आणि झाकण, काहीच झालं नसल्यासारखं, सुटलं.

ती तशीच उभी राहिली. पुट्टीचा उग्र वास नाकात गेला, पण तिला आठवला तो स्वयंपाकघरातला ओट्याखालचा दमट अंधार. लहानपणी ती डावरी होती. चमचा डाव्या हातात, पेन्सिल डाव्या हातात, चेंडू डाव्या हातानं. आणि आईचं एक वाक्य: "त्या हातानं नाही." ओरडून नाही, मारून नाही. स्वयंपाक करता करता, केस विंचरता विंचरता, दिवसाकाठी कितीदातरी, "त्या हातानं नाही गं." अभ्यासाला बसली की आई तिचा डावा हात मऊ फडक्यानं खुर्चीच्या पाठीला बांधायची, गाठ अगदी सैल, की दुखू नये. तो सैलपणाच जास्त लागायचा. सोडवता आली असती ती गाठ, पण सोडवायची नाही हे कळत होतं. हळूहळू तो हात शहाणा झाला. बाजूला बसायला शिकला. लोकांच्या घरात बसावं तसा तिच्याच अंगात बसून राहिला. पण एक गोष्ट होती. बाबांनी बंद केलेली बरणी आईला उघडायची असली, आणि बाबा कामावर असले, की आई हाक मारायची. ती यायची, ओट्यापाशी बसायची, बरणी पोटाशी धरायची आणि डाव्या हातानं झाकण फिरवायची. घरात दुसऱ्या कुणाला न निघणारं झाकण तिच्या त्या हातानं निघायचं. आणि तेवढा वेळ आई खिडकीबाहेर बघत राहायची. त्या वेळी ती कधी म्हणाली नाही, त्या हातानं नाही.

तिनं रिकामा डावा हात पुढं धरून हवेतच फिरवून पाहिला. बाहेरच्या अंगाला, बाहेरच्या अंगाला. मग उजवा, जेवढा फिरेल तेवढा. आणि एवढी वर्षं जे डोळ्यांसमोर होतं ते तिला दिसलं. उजवा हात जोर लावून बाहेरच्या अंगाला फिरतो तेव्हा स्क्रू आवळला जातो. डावा हात तसाच जोर लावून फिरतो तेव्हा तोच स्क्रू सुटतो. बाबा उजवे होते. अर्धा पीळ उजव्या हाताचा होता. तो उजव्या हातानं काढायला गेलं तर हात आत वळतो, दुबळा पडतो, म्हणून तर आजवर सगळे मशीन लावायचे नाहीतर तोडून मोकळे व्हायचे. आवळणारा हात एक होता, सोडवणारा दुसरा. आणि सोडवणारा हात आईनं खुर्चीला बांधून ठेवला होता. तिला हसूही आलं आणि रागही आला. राग कुणाचा हे ठरवायला वेळ नव्हता.

पुट्टी तशीच ठेवून तिनं खणातून मुठीचा छोटा चक काढला, लाकडी मुठीला जोडलेला, ज्यात बारीक ड्रिल धरून हातानं फिरवतात तो. ड्रिलऐवजी त्याचा जबडा तिनं पहिल्या खुंटावर चढवून आवळला. आधी सोल्डरिंगची गन लावून खुंट तापवला होता. लोखंड तापलं की भोवतालचं रेझिन, फायबरला धरून ठेवणारा तो डिंक, जरासं मऊ पडतं, आणि फार तापवलं तर फोड येतो, तेव्हा वास बदलायच्या आत गन काढायची. वास बदलायच्या आत तिनं काढली. चकाची मूठ डाव्या हातात घेतली. हात नवखा नव्हता, पण संकोचलेला होता. जुन्या ओळखीच्या माणसाला बऱ्याच वर्षांनी हाक मारावी आणि त्यानं आधी मागं वळून बघावं, आपल्यालाच ना, तसं काहीतरी झालं. तिनं वळवलं. काही नाही. पुन्हा वळवलं, खांद्यातून, पाठीतून, तळपायातून. मुठीखाली बारीक कुरकुर झाली, आणि त्या कुरकुरीचा अर्थ तिला हातात कळला, कानाच्याही आधी. स्क्रू हलला होता. केसभर. मग पाव फेरा, अर्धा, आणि मग भुरभुर गंज सांडत तो मुकाट्यानं फिरत बाहेर आला. अख्खा, टोकासकट. तळहातावर त्याची ऊब लागत होती.

दुसरा निघाला. तिसरा निघाला. मग तिनं मोजायचं सोडून दिलं. तापवायचा, धरायचा, वळवायचा. प्रत्येकाची कुरकुर वेगळी, कुणी लगेच ऐकतो, कुणाला दोनदा समजवावं लागतं. घाम कानामागून उतरत होता. फायबरची कुसळं मानेला टोचत होती, नेहमी नको वाटणारी ती टोचणी आज हवीशी वाटत होती. टिनच्या डब्यात निघालेले स्क्रू ती टाकत होती ते मुद्दाम, वरून, आवाज व्हावा म्हणून. टण. टण. रंगाऱ्याचा पेपर पुन्हा थांबला. तो उठून मागं येऊन उभा राहिला, तिनं वळून बघितलं नाही.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्या डाव्या हातचा मळ निघाला की हा."

"उजव्यानं खूप आयतं खाल्लं," ती म्हणाली. "आता बसू दे त्याला खुर्चीत."

रंगारी हसला. मोकळं, नेहमीचं. छोट्याही फोन ठेवून येऊन उभा राहिला होता, हाताची घडी घालून. त्याच्या पायाची चाळवाचाळव तिला दिसत होती. लहानपणी तिच्या हातातलं खेळणं हवं असलं की तो असाच उभा राहायचा. आनंद म्हणजे नक्की काय झालं हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. तिला गाणं नाही म्हणावंसं वाटलं, रडावंसंही नाही. फक्त आपल्या अंगाची एक बाजू, जी इतकी वर्षं भिंतीकडं तोंड करून बसली होती, ती वळून खोलीत बघायला लागली आहे, आणि खोली चांगली मोठी आहे, उजेडाची आहे, एवढंच तिला जाणवत होतं. मी पन्नास वर्षं अर्धीच कामाला येत होते, तिच्या मनात आलं. आणि तरी एवढं काम केलं.

शेवटी तो एकटा राहिला, खिडकीच्या कोपऱ्याखालचा. तो पृष्ठभागाच्याही आत तुटला होता, चक कुठं धरणार? नेमक्या त्याच जागी सांधा सगळ्यात पातळ. तिथं चूक झाली तर चीर थेट खिडकीपर्यंत जाणार, आणि मग छोट्याचा कटर ठरलेला. "तो एक राहू दे," छोट्या म्हणाला, "वरून पुट्टी भरू, कुणाला दिसणार आहे?" ती म्हणाली, "मला." बारीक पोलादी नळीचा तुकडा तिनं व्हाइसच्या जबड्यात धरला आणि कानशीनं त्याच्या तोंडाला दात पाडले, करवतीसारखे, पण उलट्या बाजूला झुकलेले. मशीन उलटं फिरवायचं होतं. कानस चालवतानासुद्धा डावाच हात पुढं गेला. नळी खुंटाभोवती टेकवली, मशीन डाव्या हातात, उजवा फक्त आधाराला. त्या दुखऱ्या हाताला तिनं मनात म्हटलं, तू नुसता धर, बाकी हा बघेल. मशीन सुरू झालं. फायबरची पांढरी धूळ उडाली. दात खुंटाच्या अंगानं आत उतरत गेले, आणि हाताला कळलं की आता गंजाची मिठी सुटतेय. नळीच्या आवाजात खरखर आली, एक झटका बसला, कुणाच्यातरी तोंडून "अरे" निघालं, आणि नळी मागं घेतली तर तिच्या पोटात तो तुटका स्क्रू उलट्या फेऱ्यानं आपोआप बाहेर आलेला. भोक गोल होतं, कडेला एकही चीर नव्हती. तिनं नळी डब्यावर आपटली. टण.

आई खाली आली ती याच सुमाराला. वर्कशॉपच्या वरच राहायचे ते सगळे, पण गुडघ्यांमुळं आई जिना उतरणं टाळायची. "दुपारचं ताट झाकून ठेवलंय ते तसंच आहे," ती जिन्यातूनच म्हणाली. "कुणाला भूक नाही, तहान नाही. बापाच्या वरताण झाली ही. सुंभ जळला तरी पीळ काही जायचा नाही." छोट्यानं लगबगीनं ती नवी खुर्ची पुढं ओढली, टराटरा प्लास्टिक फाडलं आणि आईला तीत बसवलं. आईनं खुर्ची थोडी डावीकडं, थोडी उजवीकडं फिरवून पाहिली. "बरी आहे," म्हणाली. "मला वर न्यायला ठेवा." ताई भोकं भरत होती. रेझिनमध्ये काचेचे धागे कातरून कालवायचे, काडीनं भोकात ठासायचे, वरून दिव्याची ऊब द्यायची. काडी डाव्या हातात होती. आई बघत होती. ताईच्या पाठीला ते बघणं कळत होतं, आणि पन्नास वर्षांची सवय म्हणून ती आत कुठंतरी वाट बघत होती त्या वाक्याची. वाक्य आलं नाही. दिव्याखाली रेझिन तापत, कडक होत गेलं. तिनं ते घासून सपाट केलं, मघाच्या ओरखड्यावरून पुट्टीचा हात फिरवला, नव्या स्क्रूंसाठी बारीक भोकं पाडली.

"काहीतरी काम दे गं मला," आई म्हणाली. "बसून बसून अंग आंबतं."

ताईनं साच्याला लावायच्या मेणाचा डबा आणि न गंजणाऱ्या स्क्रूंची पुडी आईच्या मांडीवर ठेवली. "प्रत्येकाला मेण चोपड. आट्यांना नीट."

"कशाला ते?" छोट्यानं विचारलं. "बाबा कधी लावत नव्हते."

"कुणाला तरी कधीतरी काढायचा असेल म्हणून."

बाहेर उजेड उतरत चालला होता. आइस्क्रीमवाला केव्हा येऊन दारात उभा राहिला ते कुणालाच कळलं नाही. बडबड्या माणूस, पण नवी पट्टी गाडीच्या कमरेला लागताना तो नुसता एकेक स्क्रू मोजत होता. आई मेण चोपडून स्क्रू पुढं करायची, रंगारी तो भोकात टेकवायचा, ताई डाव्या हातानं बसवायची. आणि बसवताना तिला आणखी एक गोष्ट कळली. आवळायच्या दिशेला तो हात दुबळा होता. स्क्रू फायबरला नीट भिडला की हात आपण होऊन थांबायचा. अर्धा पीळ द्यायची ताकदच त्याच्यात नव्हती. हाड सांगतं तेवढं, डॉक्टर म्हणाल्या होत्या. फायबर सांगत होतं तेवढं. तिला आता बाबांचा रागही उरला नव्हता. तुम्ही चांगलं घट्ट केलंत बाबा, ती मनात म्हणाली, उघडायचं माझ्यावर ठेवलंत एवढंच.

छोट्यानं वाकून पट्टीवरून बोट फिरवलं. दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली, हलली नाही. मग सवयीनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि पाय रोवून एका स्क्रूवर टेकवला. "वरचा अर्धा राहिलाय."

"हात लावू नकोस त्याला."

"सुटेल ताई."

"नाही सुटणार. आणि तुटणारही नाही."

तो तसाच थांबला, श्वास घेतलेला. मग श्वास सोडला, स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. सकाळपासून भिंतीला टेकवून ठेवलेला कटर उचलला, वायर गुंडाळली आणि माळ्यावर नेऊन टाकला. तिथूनच म्हणाला, "उद्या ती दुसरी गाडी येतेय. तिच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू गेलेत. तूच घे."

"बघू," ताई म्हणाली. आणि फडक्यानं पट्टी पुसू लागली.

शेवटचा स्क्रू राहिला होता, खिडकीच्या कोपऱ्याखालचा. आईनं तो मेणावर फिरवला, आटे डोळ्यांजवळ नेऊन निरखले, पदराला बोटं पुसली आणि या वेळी रंगाऱ्याकडं न देता तो स्वतः ताईपुढं धरला. आईकडून काही घ्यायचं म्हणजे कुठला हात हे ताईच्या अंगात इतकं मुरलं होतं की तिनं विचारही न करता उजवा पुढं केला.

आईनं स्क्रू मागं घेतला.

"त्या हातानं नाही," ती म्हणाली.

ताईनं आईकडं बघितलं. आई खिडकीबाहेर बघत नव्हती, सरळ तिच्याकडं बघत होती. ताईनं डावा हात पुढं केला. आईनं स्क्रू त्या तळव्यावर ठेवला, आपल्या हातानं तिची बोटं मिटवली आणि क्षणभर ती मूठ तशीच धरून ठेवली. मग सोडली. ताई गाडीकडं वळली, स्क्रू भोकात टेकवला आणि फिरवत गेली. भिडल्यावर हात थांबला. तिनं तो तिथंच थांबू दिला.